मायची रेंगी आणि विमानाची शिडी

विमानात कसं बसायचं हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मी विमानात कधी बसलो नव्हतो, ही गोष्ट वेगळी. आमच्याकडे निवडणूक आली की शाळेच्या पटांगणावर हेलिकॉप्टर उतरतं, जमलेल्या लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकतं आणि निघून जातं. तेवढ्यावरून मी हवाई प्रवासाचा सगळा अंदाज घेतला होता. ज्या माणसाला भाषणापलीकडे काही येत नाही तो जर उडू शकतो, तर मी निदान सायकल दुरुस्त करणारा माणूस आहे. मला काय अवघड? गावात मी तसं सांगूनही टाकलं होतं. लोक म्हणाले, हेमराजभाऊ बोलला म्हणजे झालंच.

आरमोरीच्या रस्त्यावर माझं पंक्चरचं दुकान आहे. नववीनंतर शाळेनं मला सोडलं की मी शाळेला, यावर अजून वाद आहे. तोंडावर बोलतो, म्हणून ग्रामपंचायतीत मला कुणी खुर्ची देत नाही. उभ्यानं बोलतो. उभा माणूस जास्त वेळ बोलतो हे त्यांच्या अजून लक्षात आलेलं नाही.

आता मायबद्दल. माझी माय कुंताबाई. आम्ही ढिवर, तळ्यावर आमचं पोट. तीन वर्षांमागे मासोळ्यांचं टोपलं घेऊन तळ्याच्या पाळीवरून उतरताना माय पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. सरकारी शिबिरात तिला एक वॉकर मिळाला. चार पायांचा, बिनचाकांचा. देणारे नऊ जण, घेणारी एक आणि फोटो काढणारे दोघं. घरी आणल्यावर मायनं तो उचलून एक पाऊल टाकलं, परत उचलून दुसरं टाकलं, आणि म्हणाली, "हा मले चालवते का मी याले चालवतो?"

मी तो दुकानात नेला. पोरांच्या भंगार सायकलींची चार चाकं लावली, ट्यूब घालून, हवा भरून. हाताशी ब्रेक दिले. थकली तर टेकायला सीट बसवली. सीटखाली पत्र्याची पेटी बसवली, वर झाकण, बाजूनं भोकं. शिबिरातल्या साहेबांच्या बापानं असं यंत्र पाहिलं नसेल. मायनं त्याला रेंगी नाव ठेवलं. रेंगी म्हणजे आमच्याकडची हलकी, पळणारी बैलगाडी. बैल ती स्वतःच होती.

मग दिल्लीहून आचलचा फोन आला. आचल माझी धाकटी बहीण. जावई भूपेश तिकडे कारखान्यात आहे. लग्नाला आठ वर्षं होऊन मूल नव्हतं, आणि आता मुलगी झाली होती. पण आचलच्या अंगात रक्त नव्हतं आणि दूध उतरत नव्हतं. पोरगी भुकेनं रडायची, आणि फोनवर आम्हाला दोघींचं रडणं एकदमच ऐकू यायचं. डॉक्टरनं डब्याची पावडर सांगितली. ती पोरीच्या पोटात टिकेना.

मायनं फोन ठेवला आणि म्हणाली, "मांगुरीचा रस्सा पाह्यजे तिले. बाकी सारं फालतू."

मांगूर ही मिशांची मासोळी. पाण्याबाहेर काढली तरी मरत नाही. ओल्या पोत्यात ठेवली तर दिवसभर श्वास घेत पडून राहते. आमच्याकडे बाळंतिणीला तिचाच रस्सा देतात, आणि मासोळी हंडीत जाईपर्यंत जिवंत पाहिजे. मेलेल्या मांगुरीचा रस्सा बाळंतिणीला दिला, तर सासर-माहेर दोन्हीकडच्या बाया शिव्या घालतात.

रेल्वेचा प्रवास मायच्या खुब्याला झेपणार नव्हता. एवढे तास बसणं, वर तो संडास. भूपेशनं विमानाची दोन तिकिटं काढून पाठवली. ब्रह्मपुरीतल्या तिकीटवाल्याला मी मुद्दाम विचारलं, "खायाचं सामान नेलं तं चालते का?" तो म्हणाला, "चालते ना." खायचं सामान जिवंत आहे की मेलेलं, हे त्यानं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. आमच्या घरात हा प्रश्न कुणी कुणाला विचारत नाही.

निघायच्या दिवशी पहाटे मायनं पाळीवर बसून स्वतःच्या हातानं मासोळ्या निवडल्या. पाच-सहा चांगल्या ठसठशीत. ओल्या पोत्यात गुंडाळून रेंगीच्या पेटीत ठेवल्या. गावातल्या दिनेशच्या जीपमधून आम्ही नागपूरला निघालो, आणि वाटेत दर गावाला माय पेटीचं झाकण उघडून पाणी शिंपडत होती.

"पोचू ना रे वेळेवर?"

"माय, मी आहो ना."

"तू आहे म्हणूनच विचारतो."

विमानतळावर दारातच एक मोठं यंत्र होतं. सामान एका बाजूनं घालायचं, ते पोटातून फिरवून दुसऱ्या बाजूनं बाहेर. यंत्रापाशी बिहारकडचा एक शिपाई पडद्यावर डोळे लावून बसला होता. मी रेंगीची पेटी काढून पट्ट्यावर ठेवली. माय सीटवर टेकली. पट्टा चालला आणि थांबला. थोडा मागे आला. परत पुढे गेला. शिपाई पडद्याजवळ सरकला.

मीही डोकावलो. पडद्यावर पाच-सहा सांगाडे होते. डोकी, मिशा, पाठीचे कणे, सगळं स्वच्छ. आणि ते सांगाडे चालत होते.

"इसमें क्या है?" शिपायानं विचारलं.

"खाना है."

"खाना हिल रहा है."

"ताजा है," मी म्हणालो.

त्यानं पेटी बाजूला घेतली, झाकण बोटभर उचललं, आणि त्या माणसाचा चेहराच बदलला. एवढा वेळ तो शिपाई होता. आता कुणाच्या तरी घरचा पोरगा झाला.

"अरे, ये तो मांगुर है. देसी."

"आमच्या तळ्यातली हाय बाप्पा," माय म्हणाली. "पोरगी बाळंतीण हाय दिल्लीले. दूध नाई उतरत."

त्याला शब्द कळले नसतील, पण बाळंतीण आणि दूध कळलं. "हमारे यहाँ भी यही देते हैं, माताजी," तो हळू आवाजात म्हणाला. "लेकिन ज़िंदा जानवर ऐसे नहीं जाता. आप रुकिए. साहब का मूड देखकर बात करता हूँ. आप लोग बस चुप रहिए."

वाचकहो, सगळ्या प्रवासात शहाणपणाचं एवढं एकच वाक्य कुणी बोललं असेल तर ते हे. चुप रहिए. माय चुप राहिली. मासोळ्यासुद्धा चुप होत्या. पण मला त्यातलं फक्त 'नहीं जाता' ऐकू आलं.

"काऊन नाही जात?" मी म्हणालो. "नियम दाखवा. मंत्र्याचं कुत्रं जाते विमानात, त्याले सीट भेटते. अना गरिबाची मासोळी जात नाही? आमच्या जंगलातलं सागवान तुमच्या दिल्लीच्या दाराखिडक्यांत गेलं, तेव्हा कोणी यंत्रात घालून पाहिलं का?"

आवाज माझा मूळचाच मोठा. छत उंच होतं, त्यामुळे तो फिरून परत माझ्याच कानात आला. मला तो बरा वाटला, म्हणून मी आणखी दोन वाक्यं बोललो. तेवढ्यात साहेब आला. कडक इस्त्री, कडक मिशी.

"क्या तमाशा है?"

"साहब, मछली है," शिपाई घाईनं म्हणाला. "हाथ मत डालिएगा, काँटा मारती है."

अधिकाऱ्यानं शिपायाचं ऐकायचं नसतं, असा कुठेतरी कायदाच असावा. साहेबानं झाकण उघडलं आणि पोतं बाजूला सारायला हात घातला. मांगुरीच्या कल्ल्याजवळ काटा असतो. पोचू डोंगर्‍या म्हणून आमच्याकडे एक धिप्पाड गडी आहे, वाघ दिसला तरी बिडी विझवत नाही. त्याला एकदा हा काटा लागला तर तो आईच्या नावानं रडला होता. साहेब रडला नाही. त्यानं फक्त हात झटकला, आणि हाताबरोबर आलेली मांगूर फरशीवर पडली.

आणि चालायला लागली.

विमानतळाची फरशी गुळगुळीत, ओल्या मासोळीला याहून चांगला रस्ता कुठला मिळणार? आमच्या तालुक्यात असा एकही रस्ता नाही. ती शेपटी आपटत, मिशा हलवत, रांगेतल्या बॅगांमधून पुढे निघाली. टाय घातलेला एक माणूस सामानाच्या ढकलगाडीवर चढून उभा राहिला. ती ढकलगाडी त्याला घेऊन आपोआप चहाच्या दुकानाकडे निघाली. एक बाई म्हणाली साप आहे. दुसरी म्हणाली पाल आहे. दोघीही शिकलेल्या दिसत होत्या.

माय उठली. रेंगी सरळ केली आणि रांगेच्या मधून चालवत नेली. लोक बाजूला झाले. मासोळीच्या पुढे जाऊन तिनं ब्रेक दाबला, मासोळी चाकाला अडली, आणि मायनं वाकून डोक्यामागे दोन बोटांत तिला अलगद धरलं. काटा कुठे आणि बोट कुठे, हे तिला पाहावंसुद्धा लागलं नाही. पेटीत टाकून ती साहेबाला म्हणाली, "बोट चोखू नको, सुजते. कढत पान्यात बुडव."

साहेबाचं बोट आधीच सुजलं होतं. आता त्याला सगळे नियम एकदम आठवायला लागले. मासोळी जाणार नाही, हा पहिला. मग त्याची नजर रेंगीवर गेली.

"इसके टायर में हवा है?"

"फुल्ल," मी अभिमानानं म्हणालो.

"निकालो. हवा भरा टायर सामान में नहीं जाएगा."

मी आयुष्यभर लोकांच्या चाकांत हवा भरली आहे. काढायची वेळ पहिल्यांदाच आली, तीही मायच्या चाकांतली. मी वाद घालणार होतो, पण माय म्हणाली, "काढ, हेम्या. पोट्टी तिकडं भुकी हाय. मासोळी नाई तं नाई, मी तरी पोचतो."

चार वेळा फुस्स झालं. रेंगी बसली. मायनं तिला ढकललं तर ती रबर घासत, अडेल बैलासारखी जागच्या जागी वळली. विमान कंपनीची एक पोरगी धावत आली. गोड होती, मराठी बोलत होती.

"आजी, काही काळजी करू नका. आम्ही व्हीलचेअर देतो. विमानाच्या शिडीशी चार जण तुम्हाला खुर्चीसकट उचलून वर नेतील."

मायचा चेहरा उतरला. "किती जन?"

"चार."

आता हे त्या पोरीला कसं कळणार? आमच्याकडे माणसाला चार जण एकदाच उचलतात. खांद्यावरून नेतात आणि परत आणत नाहीत. खुबा मोडला तेव्हासुद्धा मायनं बाजेवरून न्यायला तीनच जण घेतले होते. चौथा कोपरा मोकळा लोंबत होता, आणि माय दवाखान्यापर्यंत तिरपी गेली होती.

"तीन जण करा," मी म्हणालो. "नाहीतर पाच."

"सर, चारच लागतात. खुर्चीला चार बाजू असतात ना."

"मी बाळंतिणीचं तोंड पाह्याले चालली," माय म्हणाली. "चौघाच्या हातावर जाऊन तिच्या दारात उतरू का? अशा पायानं त्या लेकराले हात लावू?"

पोरगी गोंधळली. मी पाचव्या माणसाबद्दल बोलणी सुरू केली होती. शिपाई स्वतः यायला तयारही दिसत होता. पण मागून साहेबाचा आवाज आला, "पहले ये मछली बाहर करो. किसकी है?"

"हेम्या," माय म्हणाली, "दिनेशजवळ देऊन ये. मरू देऊ नको. अना लवकर ये."

मी पेटी उचलून बाहेर धावलो. जीप तिथे नव्हती. पोलिसानं दिनेशला तिथून हाकलून पार रस्त्यापलीकडे पाठवलं होतं. तिकडे तो कडुनिंबाखाली तोंडावर दुपट्टा घेऊन झोपला होता. मी त्याला लाथेनं उठवलं, पेटी मांडीवर ठेवली, तसाच माघारी पळालो. दारावर आता दुसराच माणूस होता.

"टिकट?"

तिकिटं दोन्ही मायच्या बटव्यात होती.

"अंदर मेरी माँ है," मी म्हणालो.

"सबकी होती है. टिकट दिखाओ."

मी त्याला रेंगी, मासोळी, साहेबाचं बोट, सगळं सांगितलं. जितकं सांगत गेलो तितका तो दारात आडवा होत गेला. मी लोकशाहीवर आलो तेव्हा त्यानं दार लावून घेतलं. काचेतून पाहिलं तर आत माय नव्हती. मी काच वाजवली. आतला कुणीतरी माणूस माझ्याकडे पाहून काच पुसायला लागला.

मग रस्त्यापलीकडून दिनेशला घेतलं आणि आम्ही कुंपणाच्या कडेकडेनं पळालो, जिथून विमान दिसतं तिथपर्यंत. पेटी दिनेशच्या डोक्यावर.

"हेमराजभाऊ, थे पाहा. कुंतामावशीच होय ना?"

मायच होती. उन्हात, शिडीच्या पायथ्याशी, खुर्चीत. बाजूनं चार जण. त्यांनी खुर्चीला हात घातले. मायनं हात वर केला. त्यांनी हात काढले. काहीतरी बोलणं झालं. त्यांनी परत हात घातले. मायनं परत हात वर केला. खाली बाकीची माणसं खोळंबली होती.

"तीन!" मी तारेच्या जाळीतून ओरडलो. "एक जण बाजूला व्हा! तीन!"

विमानाच्या आवाजात माझं मलाच ऐकू आलं नाही. आजवर असं कधी झालं नव्हतं, की मी बोललो आणि कुणाला रागसुद्धा आला नाही.

"भाऊ, परत घरी जातीन का आता थ्या?" दिनेश म्हणाला.

मला फोनवरचं ते रडणं ऐकू येत होतं.

मग मायनं खुर्चीचे हात धरले आणि उठली. शिडीच्या कठड्याला धरून वळली. विमानाकडे पाठ केली आणि सगळ्यात खालच्या पायरीवर बसली. दोन्ही हात मागच्या पायरीवर टेकवले, चांगला पाय रेटला आणि एक पायरी वर सरकली. रेंगी नव्हती तेव्हा ती तळ्याची पाळ अशीच चढायची. रोज. आम्ही पाहू नये म्हणून दुपारच्या वेळी.

दुसरी पायरी. तिसरी. मध्ये थांबून तिनं लुगडं नीट केलं. चौघं खाली गोंधळून उभे होते. मग नोकरी ती नोकरी, त्यांनी रिकामी खुर्ची उचलली आणि चौघं मिळून तिच्या मागोमाग वर चढायला लागले. मायचं तोंड त्यांच्याकडेच होतं. ती त्यांना काहीतरी सांगत होती. बहुतेक सावकाश या म्हणत असावी.

वर पोचल्यावर ती शेवटच्या पायरीवर जरा बसली. सगळं मैदान पाहिलं. मी दोन्ही हात हलवले. मग तिला कुणीतरी आत नेलं, दार लागलं, आणि विमान माझी माय घेऊन गेलं. रेंगी आणि माझं सामानही गेलं. माझ्याकडे पाच-सहा मांगुरी राहिल्या.

पुढचे दिवस कसे गेले ते मला विचारू नका. वादळानं आमच्या रस्त्यावरचे टेलिफोनचे खांब पाडले होते, आणि खांब उभे करायला माणसं कधी येणार हे खात्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं. मी दुकान उघडायचो, बंद करायचो, परत उघडायचो. पंक्चर नसलेल्या चाकांत पंक्चर शोधायचो. मासोळ्या मी पंक्चर तपासायच्या टाकीत ठेवल्या होत्या. गिऱ्हाईक ट्यूब बुडवायला गेलं की मी खेकसायचो. लोक विचारायचे, विमान कसं असते? मी म्हणायचो, मोठं असते. पोरीच्या पोटात काही गेलं का, माय वेड्यासारखी कुठे हरवली का, मासोळीशिवाय ती तिथे काय करत असेल, हे सगळं डोक्यात सायकलच्या चाकासारखं गरगरत होतं. शेवटी एका सकाळी सायकल काढली आणि आरमोरीच्या बूथवर जाऊन दिल्लीचा नंबर फिरवला.

आचलनं उचलला. मागे रडणं नव्हतं.

"पोरगी कुठी हाय?" मी विचारलं.

"झोपली हाय, दादा. पोटभर पेली अना झोपली. कालपासून दूध येऊन राह्यलं."

मी बूथच्या भिंतीला टेकलो. मग विचारलं, "अना रस्सा? रस्सा कशाचा केला मायनं?"

"मांगुरीचा."

"मांगूर तं माह्याजवळ हाय."

"इथी खाली बजारातच भेटते ना. हौदात जित्त्या ठेवतात. भूपेशनं चाकात हवा भरून देल्ली, माय सोताच गेली रेंगी घेऊन. तीन टोपले उलटेपालटे करून मासोळी निवडली. आता थो दुकानवाला दुसऱ्या गिऱ्हाइकाईले म्हणते, अम्मा को पूछो."

"हे पयलेच सांगाचं ना, आचल."

"तुमी कुठी विचारलं? तुमचं तं ठरलंच होतं."

मग माय फोनवर आली. जेवला का, दुकान उघडते का, सगळं विचारलं. मी म्हणालो, माय, परतीच्या वेळी काही काळजी करू नको. मी स्वतः दिल्लीला येतो घ्यायला. या वेळी सगळे नियम आधी नीट विचारून घेतो, आणि त्या साहेबाशीही बोलतो.



"तू नको येऊ, हेम्या," माय म्हणाली. "मी एकटीच येतो. तू संग असला का उशीर होते. दिनेशची जीप तेवढी पाठव."

मंत्र्याला मी घाबरत नाही, साहेबाला घाबरत नाही, हे सगळा तालुका जाणतो. मायला मी 'बरं' म्हणालो आणि फोन ठेवला.